गंडा, घागर आणि घराणे

१

मागच्या पावसाळ्यात माझ्या बहिणीने तिच्या बारा वर्षांच्या मुलीला नालासोपाऱ्यातल्या एका गाण्याच्या क्लासला नेले. बहीण कळंबला राहते. रोज सकाळी नालासोपाऱ्याला येते, तीन घरची धुणीभांडी करते आणि दुपारी परत समुद्राकडे जाते. त्या तीन घरांपैकी एका घरची मुलगी या क्लासला जाते, म्हणून हिला क्लास ठाऊक. क्लासच्या बाईंनी भाचीला 'सा' लावायला सांगितला, दोन अलंकार म्हणवून घेतले आणि त्या खूश झाल्या. मग म्हणाल्या, "आवाज आहे हो मुलीचा. पण ताई, घरात गाण्याचं वातावरण आहे का?"

बहिणीला प्रश्न कळला नाही. "म्हणजे कसं, बाई?"

"म्हणजे घरात कुणी गाणारं, ऐकणारं. नाहीतर ही मुलं पुढे टिकत नाहीत, असा माझा अनुभव आहे."

बहीण 'नाही' म्हणाली आणि मुलीला घेऊन घरी आली.

आता या घराची हकीकत अशी : माझे मेहुणे वसई पूर्वेच्या एका कारखान्यात हेल्पर आहेत आणि एका भीमगीतांच्या पार्टीत ढोलकी वाजवतात. एप्रिल आणि डिसेंबर या दोन महिन्यांत ते रात्री घरी नसतातच. त्यांची आई जात्यावरच्या ओव्या म्हणते. जाते घरातून गेले, ओव्या गेल्या नाहीत. मुलगी बुद्धवंदना म्हणते ती शेजारपाजारची माणसे हातातले काम थांबवून ऐकतात. अशा घराला माझी बहीण 'वातावरण नाही' म्हणून आली. ती खोटे बोलली नाही. बाईंच्या तोंडी 'गाणे' या शब्दाचा जो अर्थ होता तो तिने बरोबर ओळखला आणि त्या अर्थाने उत्तर दिले. बाईंना मी दोष देत नाही. त्यांनी मुलीला नाकारले नव्हते. त्यांच्या प्रश्नामागे शंभर वर्षांची एक मूल्यव्यवस्था उभी होती आणि ती त्यांनाही दिसत नव्हती. या लेखात मला त्या 'वातावरणा'ची चिकित्सा करायची आहे.

२

'संगीताला जात नसते' हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकतो की त्याचा पुरावा मागण्याचे कुणाला सुचत नाही. पुरावा शोधायचा तर तो मराठीतल्या संगीतविषयक वाङ्मयात शोधला पाहिजे. हे वाङ्मय समृद्ध आहे. गोविंदराव टेंबे यांचे 'माझा संगीत व्यासंग', बी. आर. देवधरांचे 'थोर संगीतकार', वामनराव देशपांडे यांचे 'घरंदाज गायकी' ही पुस्तके मी आदराने वाचली आहेत आणि त्यांनी मला कानही दिले आहेत. परंतु दलित वाचक म्हणून ही पुस्तके आणि अशी इतर चरित्रे वाचताना एक आकृतिबंध पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येतो. मुलगा गरीब असतो. गाण्याच्या वेडाने घर सोडतो. उपाशी राहतो, पायी चालतो. गुरूच्या दारात पडून राहतो. गुरूच्या घरी पाणी भरतो, लाकडे फोडतो, पाय चेपतो. वर्षे जातात. एके दिवशी गुरू प्रसन्न होतो आणि मुलाच्या मनगटावर गंडा बांधतो. पुढे तो मुलगा थोर गवई होतो.

ही कथा खोटी नाही. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर (१८४९-१९२६) घर सोडून धारला देवजीबुवांकडे आणि पुढे ग्वाल्हेरला वासुदेवबुवा जोश्यांकडे गेले, तेव्हाच ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आली. ओंकारनाथ ठाकूर (१८९७-१९६७) यांनी लहानपणी गिरणीत काम केले, रामलीलेत सोंगे घेतली आणि मग विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्यत्व पत्करले. भीमसेन जोशी (१९२२-२०११) १९३३ साली गदगचे घर सोडून गाडीत गाणी म्हणत, विनातिकीट, उत्तरेत गुरू शोधत हिंडले. या माणसांच्या कष्टांपुढे मान लववावी असेच ते कष्ट आहेत. गरिबीतून वर येण्याची याहून मोठी उदाहरणे आपल्या कलाव्यवहारात थोडी असतील.

परंतु येथे एक प्रश्न उपस्थित होतो. ही गरिबी कुणाची होती? एकोणिसाव्या शतकातल्या गरीब ब्राह्मण मुलाला शिकायचे असेल तर त्याच्यासाठी समाजाने एक सोय करून ठेवलेली होती. तो माधुकरी मागू शके. तो वार लावून जेवू शके : सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी. संस्थानात अन्नछत्र असे, देवळात ओवरी असे. त्या मुलाच्या खिशात पैसा नव्हता हे खरे, पण त्याच्या झोळीत अन्न घालणे हे पुण्यकर्म मानले जात होते. याच काळात महाराचा मुलगाही दारोदार भाकरी मागत होता. ती मागणी बलुत्याची होती, अंगणाबाहेरून होती, आणि त्या भाकरीवर कुणी त्याला शिकवण्याची जबाबदारी घेत नव्हते. एकाची भिक्षा विद्येकडे नेणारी होती. दुसऱ्याची भाकरी त्याला वेसकरीच्या कामाला पुन्हा बांधून टाकणारी होती. दोघांनाही आपण 'गरीब' म्हणतो आणि तेथेच आपली फसगत होते. या दोन गरिबींत फरक आहे, हे आमच्या संगीतचरित्रकारांच्या ध्यानात आलेले दिसत नाही.

याच्याही पुढे जाऊन पाहू. गुरुगृही प्रवेशाचे शुल्क पैशात नव्हते, सेवेत होते, म्हणून ही पद्धत गरिबांनाही खुली होती, असे सांगितले जाते. आता सेवेची यादी पाहा. पाणी भरणे, स्वयंपाकाला हातभार लावणे, विडा करून देणे, तंबोरा पुसून लावून ठेवणे, अंथरूण घालणे. यांतले पहिलेच काम पाण्याचे आहे. ज्याच्या स्पर्शाने पाणी विटाळते त्याने गुरूच्या घरची घागर कशी भरायची? महाडला २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घ्यावे लागले तेव्हा ते पाण्यासाठीच होते असे समजणे भाबडेपणाचे होईल. पाण्याच्या आड जे जे अडवले गेले होते त्या सगळ्याचा तो प्रश्न होता. त्यात तालीमही होती. सवर्ण शिष्याला गुरुगृही घागर वाहावी लागली म्हणून त्याचे चरित्रकार हळहळतात. आमच्या माणसाला ती घागर वाहण्याचाही अधिकार नव्हता. गुलामाच्याही खालची जागा म्हणजे काय ते इथे समजते : ज्याची सेवाही स्वीकारली जात नाही तो.

मुंबईच्या गिरण्यांत हाच न्याय चालत होता. साळखात्यात पगार चांगला, पण तिथे अस्पृश्य कामगाराला घेत नसत. कारण धोट्यात कांडी भरली की दोरा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि महाराच्या उष्ट्या दोऱ्याला इतर विणकर हात लावणार नाहीत. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न संघटनेपुढे मांडला. यंत्र आधुनिक होते, संप आधुनिक होता, लाल बावटा आधुनिक होता. आणि तरीही थुंकीची सीमा जुनीच होती. मग जिथे सगळाच व्यवहार श्वासाचा, तोंडाचा आणि शेजारी बसण्याचा, त्या तालमीच्या खोलीत काय झाले असेल याचा अंदाज करायला इतिहाससंशोधक लागत नाही.

३

या विवेचनावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो वजनदार आहे. हिंदुस्थानी संगीत काही ब्राह्मणांनी निर्माण केले नाही. ते मुसलमान उस्तादांनी आणि कलावंतिणींनी जतन केले. अल्लादिया खाँ, अब्दुल करीम खाँ यांना कुणी उच्चवर्णीय म्हणणार नाही. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर या गोमंतकातल्या देवळांशी बांधलेल्या कलावंत समाजातून आल्या. मग हे संगीत अभिजनांचे कसे?

आक्षेप खरा आहे आणि त्याचे उत्तरही त्यातच आहे. ही माणसे बाहेरून आत आली नाहीत. गाणे हा त्यांच्या घरचाच पिढीजात धंदा होता. तो धंदा होता तोवर त्याला प्रतिष्ठा नव्हती. गंगूबाई हनगल (१९१३-२००९) यांची आठवण प्रसिद्ध आहे. धारवाडला ब्राह्मण वस्तीत राहणाऱ्या या मुलीने शेजारच्या बागेतला आंबा उचलला तर गाणारणीच्या मुलीने अंगणात पाऊल टाकले म्हणून ओरडा बसला. १९२४ साली बेळगावच्या काँग्रेस अधिवेशनात गांधीजींपुढे स्वागतगीत गायला ती उभी राहिली, तेव्हाही तिच्या मनात धाकधूक होती की आपल्याला जेवणावळीची उष्टी काढायला तर लावणार नाहीत ना. ही मुलगी पुढे हुबळीहून रेल्वेने कुंदगोळला जाऊन सवाई गंधर्वांकडे शिकली. त्यांनी शिकवले, मनापासून शिकवले, याची नोंद आपण कृतज्ञतेने केली पाहिजे. दार उघडू शकते याचा तो पुरावा आहे. मात्र हेही विसरता येत नाही की गंगूबाईंची आई अंबाबाई स्वतः गाणारी होती. म्हणजे क्लासच्या बाईंच्या भाषेत, त्या घरात 'वातावरण' होते.

आमच्याही घरांत गाण्या-वाजवण्याचा पिढीजात धंदा होता. मांगाची हलगी आणि सनई, महारांचे तमाशाचे फड, गोंधळ्यांचे संबळ. लयीचे जे ज्ञान या हातांत आहे त्याला गणित म्हणावे असे ते आहे. परंतु या ज्ञानाला 'लोक' हे लेबल लागले. लोककला म्हणजे जिला कर्ता नाही, शास्त्र नाही, घराणे नाही अशी कला. मग ती कुणीही उचलावी. १८८२ साली अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'सौभद्र' रंगभूमीवर आले, त्या काळच्या नाट्यपदांना लावणीच्या, ओव्यांच्या, साक्यांच्या चाली होत्याच. चाल फडातून नाटकगृहात गेली की तिचे नाट्यसंगीत झाले. फडात राहिली तिचा तमाशा राहिला. चाल वर गेली, चाल गाणारी माणसे होती तिथेच राहिली. कच्चा माल खेड्यातून आणि पक्का माल पेठेत, हा व्यापाराचा जुना नियम कलेतही चालला.

उलट दिशेचा प्रवासही पाहण्यासारखा आहे. श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी हे ब्राह्मण गृहस्थ तमाशात आले आणि पठ्ठे बापूराव (१८६६-१९४५) झाले. महार समाजातली पवळा त्यांच्या फडाची कीर्ती ठरली. त्यांनी जात गमावली, हाल सोसले, हे मान्य करू. पण त्यांना तो रस्ता उपलब्ध होता. वरून खाली येणाऱ्याला फडाने जागा दिली, ढोलकी दिली, गाणे गाऊ दिले. पवळेला मात्र एखाद्या बुवांच्या तालमीच्या खोलीत जाऊन ख्याल शिकण्याचा रस्ता होता काय? तिच्या गळ्यात काही कमी होते म्हणून का ती तिकडे गेली नाही? उतरणीचा रस्ता मोकळा आणि चढणीचा बंद, अशा व्यवस्थेला सामाजिक चलनवलन म्हणता येत नाही.

शब्दांकडेही एकदा नीट पाहू. घराणे, खानदानी, घरंदाज. वामनरावांनी घराण्यांची चिकित्सा स्वर आणि लय यांच्या प्रमाणावरून केली, वंशावळीवरून नाही, हे त्यांचे मोठेपण आहे. तरीही चांगल्या गायकीसाठी मराठीत जो गौरवाचा शब्द मिळाला तो 'घरंदाज', म्हणजे चांगल्या कुळातला. आणि शिष्य करून घेण्याचा विधी म्हणजे धागा बांधणे. अंगावर धागा चढला की माणसाचा दुसरा जन्म होतो, ही कल्पना आपल्याला कुठून परिचित आहे हे वाचकांना सांगायला नको. उस्ताद मुसलमान होता, शिष्या कलावंतीण होती, आणि दोघांमधला धागा मात्र मनूच्या घरचा वाटावा असा होता. जातिव्यवस्था धर्म ओलांडून कशी पोचते त्याचे हे एक उदाहरण.

४

विष्णु दिगंबर पलुस्कर आणि विष्णु नारायण भातखंडे या दोन विष्णूंविषयी आपल्या चळवळीत बरेचदा घाईने बोलले जाते. त्यांनी संगीत ब्राह्मणी केले, उस्तादांना आणि बायांना बाजूला सारले, ही टीका अलीकडच्या अभ्यासकांनी साधार केली आहे आणि ती मला मोठ्या प्रमाणात पटते. पलुस्करांच्या गायनशाळेत प्रार्थना होती, भजन होते, शिस्त होती; दरबारातले आणि कोठीवरचे गाणे त्यांनी मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यात आणले. गवयाला समाजात मान नाही याची त्यांना चीड होती आणि तो मान त्यांनी मिळवून दिला. संगीताने त्यांच्या हातून सामाजिक शिडी चढली. शिडीखाली कोण उभे आहे हे पाहण्याचे मात्र राहून गेले.

तरीसुद्धा मला त्यांच्याविषयी एक वेगळी गोष्ट सांगायची आहे. ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू झाले, १९०८ साली त्याची शाखा मुंबईत आली. तिथे फी होती, इयत्ता होत्या, पुस्तके होती, वेळापत्रक होते. रसिकांना यात कलेचा ऱ्हास दिसला. मला यात मुक्तीची एक शक्यता दिसते. फी ही सेवेपेक्षा स्वच्छ गोष्ट आहे. फी देणाऱ्याला शिक्षकाचे पाय चेपावे लागत नाहीत. पैशाला विटाळ नसतो, निदान घेणारा तो पाहत नाही. बाबासाहेब आपल्या माणसांना खेडे सोडून शहराकडे जा म्हणाले, त्यामागेही रोख मजुरीचे हेच तर्कशास्त्र होते.

भातखंड्यांचे काम याहून मूलगामी होते. उस्तादांच्या गळ्यात कुलुपबंद असलेल्या शेकडो चिजा त्यांनी स्वरलिपीत उतरवल्या आणि 'क्रमिक पुस्तक मालिके'च्या सहा भागांत छापून टाकल्या. रागशास्त्रावरचे आपले मोठे ग्रंथ त्यांनी मराठीत लिहिले. छापलेला राग जात विचारत नाही. पुस्तकाच्या घरी पाणी भरावे लागत नाही. 'पुस्तकावरून का कुठे गाणे येते?' असे घराणेदार मंडळी हसून म्हणत. गाणे पुस्तकावरून येत नाही हे खरे आहे. पण हा उपहास ज्यांच्या घरात गुरू येऊन बसतो त्यांनी करावा. ज्याच्यापुढे वेदाची पोथी कधी उघडली गेली नाही त्याला छापील पानाचे मोल वेगळे असते.

मग ही शक्यता फळाला का आली नाही? सेवेच्या जागी फी आली, पण फी भरणारा वर्ग ठरलेला होता. गायनशाळा उघडल्या त्या गिरगाव, दादर, पुण्याच्या पेठा इथे. परळ-लालबागच्या चाळींत शाळा गेली नाही. तिथे भजनी मंडळ, शाहिरी आणि बँड होता. १९८२ च्या संपानंतर त्या चाळींतली माणसे विरार-नालासोपाऱ्याकडे सरकली, आणि गाण्याचा क्लास त्यांच्या मागोमाग आला तो इमारतीत, बंद दारामागे, दुपारच्या वेळी.

आमच्या वसईत बसून आणखी एक तुलना सुचते. वसईवर १५३४ ते १७३९ पोर्तुगीजांचे राज्य होते, आणि गोव्यात ते १९६१ पर्यंत होते. गोव्याच्या चर्चच्या शाळांत मेस्त गावातल्या पोरांना सोल्फेज आणि व्हायोलिन शिकवत असे. चर्चला वाद्यवृंद हवा होता; त्याचा स्वार्थ त्यात होता. जात तिथेही सुटली नव्हती, गावच्या उत्सवाचा मान कुणाचा यावरून तिथेही भांडणे होत. परंतु स्वरलिपी वाचण्याचे शिक्षण साध्या घरांतल्या पोरांपर्यंत पोचले, आणि त्यांच्यातूनच मुंबईच्या चित्रपटसंगीताचे वादक आणि संयोजक निघाले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (१९२७-२०१२) त्यांतले एक. राहुलदेव बर्मन आणि प्यारेलाल हे त्यांचे विद्यार्थी. त्या मुलांना कुणी 'घरात वातावरण आहे का?' असे विचारले नाही. वातावरण पुरवणे हे शाळेचे काम आहे, असे तिथे गृहीत होते. सारा फरक या एका गृहीतात आहे.

५

हा प्रश्न कलेच्या हौसेचा आहे, पोटाचा नाही, असे आपल्यातल्याच काहींना वाटेल. त्यांना मी एक व्यवहाराची गोष्ट सांगतो. महाराष्ट्रात गेल्या काही वर्षांत दहावीच्या परीक्षेत शास्त्रीय कलेच्या मान्य परीक्षा उत्तीर्ण झालेल्या मुलांना वाढीव गुण मिळू लागले. त्या योजनेत लोककलेलाही जागा ठेवली, हे चांगलेच झाले. पण त्यासाठी नोंद लागते, प्रमाणपत्र लागते; माझ्या मेहुण्यांनी रात्र रात्र ढोलकी वाजवली त्याचे प्रमाणपत्र कुणी दिलेले नाही. क्लासची फी भरू शकणाऱ्याचे मूल 'प्रवेशिका', 'मध्यमा' करीत जाते, दहावीला ते गुण अकरावीच्या प्रवेशाला उपयोगी पडतात, आणि यमनकल्याण असा कॉलेजच्या दारापर्यंत पोचतो. ज्याला आपण निव्वळ कला समजत होतो ती अशी शिडीची एक पायरी झाली आहे. पायरी झाल्यावर ती कुणाच्या अंगणात आहे हे विचारणे आपले कर्तव्य ठरते.

आणि फीचा प्रश्न सुटला तरी जागेचा सुटत नाही. रियाज म्हणजे रोज दोन तास एकच स्वर. दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसे राहतात; रात्रपाळी करून आलेला बाप सकाळी झोपलेला असतो; भिंतीपलीकडे दुसरी खोली, तिथे तान्हे मूल. त्या खोलीत पहाटेचा खर्ज कुणी लावायचा? चरित्रांत वाचतो की अमुक बुवा पहाटे चारला उठून चार तास मेहनत करीत. माझी बहीणही चारला उठते. पाणी त्याच वेळी येते.

आज मोबाईलवर तानपुरा फुकट मिळतो, थोरामोठ्यांची गाणी ऐकायला मिळतात. हा मोठा बदल आहे आणि त्याचे स्वागत केले पाहिजे. भाची असाच तानपुरा लावून कळंबच्या किनाऱ्यावर सुरूच्या झाडांत बसते. पण मोबाईल ऐकवतो, ऐकून घेत नाही. गंधार किंचित चढा लागला तर 'थांब, खाली ये' म्हणणारे माणूसच लागते.

विरारच्या लोकलमध्ये ज्यांनी प्रवास केला आहे त्यांना एक गायनशाळा ठाऊक आहे. सकाळच्या गाडीत भजनी मंडळे असतात. हमाल, शिपाई, कारकून, फिटर एकमेकांच्या मांडीला मांडी लावून अभंग गातात. टाळाला जागा नसली तर डब्याच्या पत्र्यावर ताल धरतात. त्यांतले जुने लोक नव्याला तिथल्या तिथे सुधारतात : 'इथं नाय, पुढच्या मात्रेवर उचल.' ना गंडा, ना फी. सहा डिसेंबरच्या आसपास याच गाड्यांतून भीमगीते गात माणसे चैत्यभूमीला जातात. शहराने ज्यांना दोन तास उभे ठेवले त्यांनी त्या दोन तासांतून एक विद्यालय काढले. या विद्यालयाला कुणी वातावरण म्हणत नाही, एवढेच.

६

आता थोडे आपल्याविषयी. आत्मपरीक्षण केल्याशिवाय दुसऱ्याची समीक्षा पुरी होत नाही.

आपण गावकीची कामे सोडली, पालखीपुढे वाजवणे सोडले. ते योग्यच झाले. जे वाद्य गळ्यातल्या दोरीसारखे होते ते टाकून द्यायलाच हवे होते. त्याच्या जागी आंबेडकरी जलसे आले. भीमराव कर्डक, वामनदादा कर्डक (१९२२-२००४), विठ्ठल उमप (१९३१-२०१०) यांनी गाण्याला विचाराचे वाहन केले आणि ज्यांना वाचता येत नव्हते त्यांच्यापर्यंत धम्म पोचवला. हे आपले घराणे आहे आणि ते कुणाच्याही घराण्यापुढे खाली मान घालणार नाही.

परंतु याच अभिमानापोटी आपण एक चूक केली असे मला वाटते. शास्त्रीय संगीत हे 'त्यांचे' म्हणून आपण त्याच्याकडे पाठ फिरवली. जे आपल्याला नाकारले गेले ते आपल्याला नकोच होते, असे म्हणणे हा स्वाभिमान दिसतो. पुष्कळदा तो जखमेवरचा खपला असतो. बाबासाहेबांनी संस्कृत नाकारल्यावर ते सोडून दिले नाही. मोठेपणी ते मिळवले. आणि उतारवयात, कामाच्या डोंगराखाली असताना, त्यांनी व्हायोलिन शिकायला घेतले होते, हे त्यांच्या निकटच्या माणसांच्या आठवणींतून आपल्याला माहीत आहे. राज्यघटना लिहिणाऱ्या माणसाला व्हायोलिनवर मैफल करायची नव्हती. मग ते त्यांनी का हाती घेतले? मला वाटते, मनुष्याच्या आनंदाचा कोणताही प्रांत आपल्याला परका नाही, हे त्यांना स्वतःपुरते तरी जगून पाहायचे होते.

अमेरिकेतल्या कृष्णवर्णी कलावंतांचे उदाहरण आपण वाङ्मयात नेहमी देतो. ते संगीतातही पाहावे. नीना सिमोनला पियानोवर बाख वाजवायचा होता. १९५१ साली फिलाडेल्फियाच्या कर्टिस संस्थेने तिला प्रवेश नाकारला; रंगामुळेच नाकारला, अशी तिची जन्मभर धारणा होती. ती क्लबात गाऊ लागली, नागरी हक्कांच्या लढ्याची गायिका झाली, जगप्रसिद्ध झाली. २००३ साली, तिच्या मृत्यूच्या तोंडावर, त्याच संस्थेने तिला सन्माननीय पदवी दिली. तिच्या लढाऊ गाण्यांचे मोल कमी नाही. पण ती गाणी मोठी ठरली म्हणून मूळ नकार न्याय्य ठरत नाही. आपल्या मुलांनी भीमगीते गावीत आणि तोडीही गावी. एकीचा आग्रह धरताना दुसरीचा हक्क सोडण्याचे कारण नाही.

यासाठी काय करता येईल? मोठ्या घोषणांची गरज नाही. आपल्या वस्त्यांत बुद्धविहार आहेत, समाजमंदिरे आहेत. सकाळी आठपर्यंत ती रिकामी असतात. तिथे रियाजाला एक खोली द्यावी. दोन तंबोरे, एक तबलाजोडी, एक पेटी ही वर्गणीतून येऊ शकते. डीजेच्या एका रात्रीच्या भाड्यापुढे हा खर्च जड नाही, हे मी कटू असले तरी लिहितो. महापालिकेच्या आणि जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवणारा संगीतशिक्षक मागावा. ती मागणी वाचनालयाच्या मागणीइतकीच रास्त आहे. आणि शिक्षकाला त्याचा पूर्ण मोबदला द्यावा, म्हणजे सेवेचा हिशोब कुणाच्याच अंगावर राहणार नाही.

शेवटी आमच्या किनाऱ्याचीच एक गोष्ट. सोपारा हे प्राचीन बंदर. १८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी तिथला स्तूप उकरला आणि अशोकाच्या आठव्या लेखाचा तुकडा तिथे मिळाला. नवव्या लेखाचा तुकडा जवळच्या भुईगावात सापडला तो १९५६ साली, ज्या वर्षी बाबासाहेबांनी नागपूरला धम्मदीक्षा घेतली. त्या नवव्या लेखात अशोक सांगतो की लोक नाना मंगलविधी करतात, पण खरे मंगल कशात आहे? दास आणि चाकर यांच्याशी नीट वागण्यात, आणि गुरूंचा आदर करण्यात. दोन्ही गोष्टी त्याने एकाच दमात सांगितल्या आहेत. आपल्या संगीतपरंपरेने यांतली दुसरी तेवढी ऐकली. गुरूचा आदर तिने विधीच्या पदवीला नेला. दासाशी नीट वागणे तिला ऐकू गेले नाही.

या महिन्यात मी बहिणीबरोबर त्या क्लासला गेलो. बाईंना म्हणालो, "बाई, मागच्या वेळी आमची बहीण चुकून 'नाही' म्हणाली. घरात वातावरण आहे. मुलीची आजी गाते, बाप वाजवतो, मुलगी ऐकते." बाई थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी विचारले, "आजी काय गातात?" मी सांगितले, ओव्या. त्या म्हणाल्या, "मुलीला सोमवारपासून पाठवा. आणि आजींना एकदा घेऊन या, मला ऐकायच्या आहेत."

फी ठरलेली आहे तीच द्यायची आहे. बहिणीने चौथे घर धरले.